छेदापूर्वीचा कागद

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला पाचवा अध्याय 'अग्रोपहरणीय'. शस्त्रकर्माला हात घालण्याआधी जवळ काय काय आणून ठेवायचे, याची त्यात यादी आहे: यंत्रे, शस्त्रे, क्षार, अग्नी, जळवा, कापूस, दोरा, पट्ट्या, मध, तूप. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालचे आयुर्वेदाचे विद्यार्थी सुश्रुत शिकतात. त्याच विद्यापीठाचे एमबीबीएसचे विद्यार्थी शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत, उभे राहतात, तेव्हा रुग्णाच्या फाइलला दुसरीच यादी लावलेली असते. एकच पान, एकोणीस मुद्दे.

या पानाचे एक कूळ विमानविद्येचे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचे नवे चार इंजिनांचे विमान उड्डाण होताच कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता. सुकाणूची खिटी सोडायची राहून गेली होती, आणि चालवणारा वैमानिक मुरलेला होता. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायची यादी केली.

ती शस्त्रक्रियेत आणणाऱ्याचे मूळ आपल्याकडचे. उमरखेडजवळच्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत मूत्ररोगांचे शल्यविशारद झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेचे काम सोपवले. बोइंगमध्ये याद्या तयार करणाऱ्या माणसाकडून ते यादी लिहायला शिकले, आणि 2008 साली हे पान जगापुढे आले.

यादीत तीन थांबे आहेत. भूल देण्याआधी: रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, कशाची ॲलर्जी आहे का, रक्त जास्त जाण्याचा धोका आहे का. छेद घेण्याआधी: प्रतिजैविक गेल्या तासाभरात दिले का. रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी: गॉज, सुया आणि हत्यारे मोजून बरोबर भरली का. दुसऱ्या थांब्यावर आणखी एक गोष्ट होते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. ज्या सिस्टरने एकदा स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले आहे, तिला पुढे 'सर, थांबा, एक मॉप कमी आहे' म्हणणे सोपे जाते. आपल्याकडच्या ओटीत मोठ्या सरांना अडवायला किती धैर्य लागते, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारावे.

यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. आधी मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्के होते, ते 0.8 वर आले. गुंतागुंती 11 टक्क्यांवरून 7 वर. पण 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या 101 रुग्णालयांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तिथे यादी सक्तीची झाल्यावर मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नव्हता. कागद भरणे आणि थांबून एकमेकांशी बोलणे यांत अंतर आहे. शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच माणसाने बसून सगळ्या चौकटींत खुणा केल्या, तर तो कागद कुणालाही वाचवत नाही.

या दोन निकालांतला फरक कळला तो मोजल्यामुळे, आणि मोजणीचे कूळ वेगळे आहे. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवत आणि वर्षभराने त्याला पुन्हा तपासत: गुण आला का, नसेल तर का नाही. रुग्णालयांनी असे निकाल उघड करावेत या त्यांच्या आग्रहाला साथ मिळाली नाही, म्हणून 1914 साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची नोकरी सोडली. 1911 ते 1916 या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या 337 रुग्णांच्या उपचारांत झालेल्या 123 चुका त्यांनी छापून जाहीर केल्या. असे धाडस आजही विरळाच.

पहिले कूळ, यादीचे, आपण घरात घेतले; दुसरे, मोजणीचे, अजून दाराबाहेर आहे. आठ शहरांच्या त्या अभ्यासातसुद्धा नोंद सुट्टी मिळेपर्यंतच, फार तर तीस दिवसांची होती. नाशिकला शस्त्रक्रिया झालेला सुरगाण्याचा किंवा पेठचा माणूस टाके ओले असतानाच गावी परततो. जखमेत पू झाला तर तो जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या डॉक्टरकडे जातो. तिथे जखम धुतली जाते, गोळ्या मिळतात. पण ज्या ओटीत छेद घेतला, तिच्या वहीत तो रुग्ण बरा झालेला असतो. तिसाव्या दिवशी त्याला एक फोन करायचा, किंवा आशाताईंकडून जखम पाहून घ्यायची, आणि जे कळेल ते मूळ फाइलमध्ये लिहायचे. याला महागडे यंत्र लागत नाही. लिहिलेले त्या सर्जनला आणि त्या सिस्टरला महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवावे लागते, आणि कुणाला दोष न देता ऐकावे लागते.