रायगडावर जाताना महाडला उतरा

जून जवळ आला की आपल्या तरुणांमध्ये दरवर्षी तोच वाद पेटतो. ६ जूनला शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडावर जायचे की नाही? एक गट म्हणतो, तिथे मंत्र आणि अभिषेक चालतात, आपले तिथे काय काम? दुसरा गट गाड्या काढतो, घोषणा देतो, मेघडंबरीसमोर फोटो काढतो आणि परत येतो. माझे मत स्पष्ट आहे. जावे. पण या दोन्ही गटांच्या नजरेतून जे सुटते, ते पाहायला जावे.

मी गेलो आहे. पहाटेच्या धुक्यात हजारो लोक पायऱ्या चढत असतात. ढोल-ताशे, शाहिरांचे डफ, दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरी, जगदीश्वराकडे निघालेली पालखी. या सगळ्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. त्या गर्दीतले बहुतेक चेहरे शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या लेकरांचे असतात. गड मात्र भग्न आहे. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वाडे पेटले आणि मागे फक्त दगडी जोती राहिली. त्या जोत्यांच्या मधोमध मूर्तीला अभिषेक होतो, मंत्र सुरू होतात आणि सगळे हात जोडतात. ते मंत्र महाराजांना कोणत्या अटीवर मिळाले, हे मात्र ध्वनिक्षेपकावरून कोणी सांगत नाही.

१६७४ साली शिवाजी महाराज ४४ वर्षांचे होते. किल्ले, आरमार, खजिना, फौज, सगळे होते. आग्र्याहून औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन आल्याला आठ वर्षे झाली होती. तरी राजा म्हणवून घेण्याचा अधिकार नव्हता, कारण कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, ब्राह्मण आणि शूद्र एवढेच वर्ण आहेत, असे धर्मशास्त्री सांगत. मग काशीहून गागाभट्ट आले. भोसल्यांचे नाते उदयपूरच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ पुढे आली. २९ मे रोजी महाराजांची मुंज झाली. जी आठव्या-दहाव्या वर्षी करतात ती चव्वेचाळिसाव्या वर्षी! मग स्वतःच्याच राण्यांशी वैदिक विधीने पुन्हा लग्न लावावे लागले. त्यानंतर ६ जूनचे सिंहासन. ज्या माणसाने तलवारीच्या जोरावर राज्य उभे केले, त्याला जानव्यावाचून छत्र धरता येत नव्हते. जातव्यवस्था म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

बाबासाहेबांनी हा पुरावा नेमका हेरला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात त्यांनी या राज्याभिषेकाचा प्रसंग विस्ताराने मांडला आहे. मुंज लावायची की नाकारायची हा अधिकार एकाच वर्गाच्या हाती असला, तर कोणाला वर चढवायचे आणि कोणाला शूद्रत्वात ढकलायचे हेही तोच वर्ग ठरवतो, हा त्यांचा मुद्दा. दिलेला दर्जा परतही घेता येतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळात भोसल्यांच्या क्षत्रियत्वावर पुन्हा वाद झाला. १८९९ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहूंसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेल्याचे उघड झाले. गागाभट्टाचा निर्णय सव्वादोनशे वर्षांनीही त्याच घराण्याच्या कामी आला नाही. हा ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला, आणि १८६९ मध्ये ‘कुळवाडी भूषण’ म्हणून शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिणारे जोतीरावच. टिळकांचा रायगडावरचा उत्सव १८९६ चा, म्हणजे सत्तावीस वर्षांनंतरचा.

इथे आपल्याच मित्रांना एक सांगायचे आहे. २४ सप्टेंबर १६७४ रोजी निश्चलपुरी गोसाव्यांनी महाराजांना दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक केला. काही बहुजन संघटना तो शाक्त राज्याभिषेक साजरा करतात आणि त्याला वैदिक धर्माविरुद्धचे बंड म्हणतात. साजरा जरूर करा, पण बंड म्हणताना जपून. एका पुरोहिताच्या विधीत दुसऱ्याने काढलेल्या चुका, आणि त्यावर दुसरा विधी, असे त्याचे रूप दिसते. पुरोहित बदलला, पुरोहिताची गरज तशीच राहिली.

ती गरजच मोडायची भाषा झाली ती गडापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे विसरू नका. भांडण जन्माशी नव्हते, त्या ग्रंथाने चालवलेल्या हुकमाशी होते. परिषद आटोपताच बाबासाहेब सहकाऱ्यांसह गेले कुठे? रायगडावर. त्याच वर्षी मे महिन्यात बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे ते अध्यक्षही होते. ज्या धर्मशास्त्राने राजाला मुंजीला बसवले, त्याचा ग्रंथ जाळून आलेली माणसे त्या राजाच्या गडावर उभी होती. आजच्या सोहळ्याच्या भाषणांत या भेटीचा उल्लेख मी तरी ऐकला नाही.

गडावर आणखी एक पाहा. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरले आहे. दगड फोडणाऱ्यांची आणि पाण्याची टाकी खोदणाऱ्यांची नावे नाहीत. मराठ्यांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकार मराठा, ब्राह्मण आणि प्रभू यांच्यात वाटलेले होते. किल्ल्याखालच्या रानाची राखण रामोशी आणि अस्पृश्य जातींकडे असे, असे न्यायमूर्ती रानडे लिहितात. शत्रू आला तर आधी गाठ पडायची ती यांच्याशी.

मुंबईहून आणि कोल्हापूरहून सोहळ्याला येणाऱ्या बहुतेक गाड्या महाडवरूनच पाचाडकडे वळतात. तिथे उतरा. चवदार तळे पाहा, क्रांतिस्तंभापाशी थांबा, मग गडाची वाट धरा. पाचाडला रात्रीचा मुक्काम असेल तर शाहिराला १९२७ च्या डिसेंबरवर एक पोवाडा म्हणायला सांगा. नसेल त्याच्याकडे, तर आपल्या शाहिरांनी तो रचून न्यावा.