कोणाची ऐपत किती, हे कोणी ठरवायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका समुपदेशक बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी लिहिलं होतं, 'मी ऐपतीप्रमाणे फी घेते. पण समोरच्याची ऐपत ओळखायची कशी? उत्पन्नाचा दाखला मागू का? आणि कमी फी घेतली तर माझं घर कसं चालायचं?' प्रश्न आजचा आहे, पण तो शंभर वर्षांपूर्वी बर्लिन आणि व्हिएन्नामध्येही विचारला गेला होता. म्हणून आज तिथे जाऊ.

सुरुवात फ्रॉईडपासून करू. १९१३ साली उपचाराची सुरुवात कशी करावी यावर त्याने एक निबंध लिहिला. त्यात फीबद्दल तो रोखठोक आहे. पैशाच्या बाबतीत माणसं लैंगिक विषयाइतकाच आडपडदा ठेवतात, म्हणून डॉक्टरने तरी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलावं. पेशंटसाठी राखून ठेवलेला तास त्याचाच, तो आला नाही तरी फी द्यायची. आणि फुकट उपचार? फ्रॉईड सांगतो की सुमारे दहा वर्षं रोज एखाद-दुसरा तास त्याने फुकट दिला होता. त्यातून पेशंटचा विरोध वाढतो, असा त्याचा अनुभव.

आता गंमत बघा. पाचच वर्षांनी, सप्टेंबर १९१८ मध्ये, हाच फ्रॉईड बुडापेस्टच्या परिषदेत वेगळं बोलतो. मधे महायुद्ध सुरू झालं होतं. आघाडीवरून मनाने खचलेले सैनिक परत येत होते, आणि त्यांच्यामुळेच या परिषदेला सरकारी अधिकारीही आले होते. तिथे तो म्हणाला की शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क आहे, तेवढाच मनाच्या उपचारावरही आहे. मनोविकार हा क्षयाइतकाच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि एक दिवस हे उपचार मोफत मिळतील.

त्याच्या शिष्यांनी हे मनावर घेतलं. फेब्रुवारी १९२० मध्ये माक्स आयटिंगॉन आणि एर्न्स्ट झिमेल यांनी बर्लिनमध्ये पोलिक्लिनिक उघडलं. जागेची अंतर्गत रचना फ्रॉईडच्या मुलाने, एर्न्स्टने केली. फीचा नियम एका ओळीचा होता: पेशंटने त्याला जमेल तेवढं, किंवा जमेल असं त्याला वाटेल तेवढं द्यावं. 'त्याला वाटेल' हे शब्द नीट ऐका. म्हणजे ऐपतीचा अंदाज पेशंटचा, डॉक्टरचा नाही. पुढे आपल्या अहवालात आयटिंगॉनने नोंदवलं की पैसे दिले की नाही याचा उपचाराच्या वाटचालीवर फारसा परिणाम दिसत नाही. गुरूच्या १९१३ च्या मताला शिष्याने अनुभवाने दिलेलं हे उत्तर होतं.

व्हिएन्नामध्ये मे १९२२ मध्ये एदुआर्द हिचमानच्या नेतृत्वाखाली आंबुलाटोरियम सुरू झालं, तेही हृदयरोग विभागाच्या उसन्या जागेत आणि फक्त दुपारनंतर. पेशंट धातूच्या तपासणी टेबलावर झोपायचा, विश्लेषक लाकडी खुर्चीवर बसायचा. पण उपचार तोच, जो श्रीमंताला गुबगुबीत कोचावर मिळायचा.

मग खर्च कोण करत होतं? इथेच खरा मुद्दा आहे. व्हिएन्नामध्ये संस्थेच्या सभासदांनी आपल्या कामाचा काही भाग फुकट पेशंटना द्यायचा, नाही तर तेवढी रक्कम संस्थेकडे भरायची, अशी पद्धत होती. तूट सगळ्यांनी वाटून घेतली. बर्लिनमध्ये मात्र मोठा भार आयटिंगॉनच्या खिशावर होता, आणि त्याचा पैसा घरच्या फरच्या धंद्यातून यायचा. १९२९ नंतरच्या मंदीत तो धंदा बसला आणि क्लिनिकचा आधारही डळमळला. पुढे १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, आयटिंगॉन ज्यू असल्याने त्याला देश सोडावा लागला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यावर व्हिएन्नाचं केंद्रही बंद पडलं. राजकारणाने दोन्ही संपवली, हे खरंच. पण एका माणसाच्या खिशावर उभी असलेली सोय त्याआधीच खिळखिळी झाली होती, हे विसरू नये.

आता त्या बाईंच्या चिठ्ठीकडे येऊ. दाखला मागू नका. पहिल्याच भेटीत किमान आणि कमाल फी सांगा आणि आकडा समोरच्याला निवडू द्या. परिस्थिती बदलली की पुन्हा बोला. कमी देणाऱ्याचा तास एक मिनिटही छोटा करू नका.

घर चालवण्याचं म्हणाल, तर कागदावर हिशेब मांडा. समजा आठवड्याला २० तास आहेत आणि तुम्हाला १६,००० रुपये लागतात. म्हणजे सरासरी ८०० रुपये. पाच जण २०० रुपये देत असतील, तर त्यांचे १,००० झाले. उरलेल्या १५ जणांकडून प्रत्येकी १,००० यायला हवेत. ते येत नसतील, तर पाचऐवजी तीनच जागा ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. चौथा माणूस आला की त्याला ज्यांच्याकडे पाठवता येईल, असे चार सहकारी मात्र आधीच जोडून ठेवा. व्हिएन्नावाल्यांनी वेगळं काय केलं होतं?

प्रश्न असतील तर घेऊ या.