माँटे कॅसिनो : दगड की माणसे?

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया कोणत्या, असे विचारले तर इतिहासाचा अभ्यासक सहज चार नावे सांगेल : जून १९४२ मधील मिडवेचे आरमारी युद्ध, त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अल् अलामेन, २ फेब्रुवारी १९४३ रोजी संपलेला स्टालिनग्राडचा संग्राम आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले दोस्त राष्ट्रांचे सैन्य. या यादीत माँटे कॅसिनोचे नाव बहुधा नसते. असलेच तर तळाशी असते. तरीही या लढाईने ख्रिस्ती मनापुढे ठेवलेला प्रश्न आजही सुटलेला नाही, असे आम्हांला वाटते. शिवाय इटलीतील त्या मोहिमेचे धागे आपल्या माणगावपर्यंत आणि कोल्हापूरपर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून त्या डोंगराची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरवर, लिरी नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी, कॅसिनो नावाचे गाव आहे. गावाच्या डोक्यावर सुमारे ५२० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. इसवी सन ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी याच डोंगरावर आपला मठ स्थापन केला आणि येथेच आपली नियमावली सिद्ध केली. प्रार्थना आणि परिश्रम यांची सांगड घालणाऱ्या त्या नियमावलीने पश्चिम युरोपातील मठजीवनाला आकार दिला. संत बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण संत स्कोलास्तिका यांची समाधी येथेच आहे. संत थॉमस अक्विनास यांचे बालपणीचे शिक्षण याच भिंतींच्या आड झाले. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोंबार्डांनी, ८८३ साली सॅरासेनांनी आणि १३४९ साली भूकंपाने हा मठ जमीनदोस्त केला. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. चौथा आघात विसाव्या शतकाच्या वाट्याला आला.

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त सैन्य इटलीच्या मुख्य भूमीवर उतरले आणि उत्तरेकडे सरकू लागले. जर्मन सेनापती केसेलरिंग यांनी डोंगर आणि नद्या यांचा आधार घेऊन देशाच्या आडव्या रुंदीवर संरक्षणाची एक फळी उभारली. तिला गुस्ताव फळी म्हणत. रोमकडे जाणारा हमरस्ता लिरीच्या खोऱ्यातून जात होता आणि त्या खोऱ्याच्या दारावर माँटे कॅसिनो पहाऱ्यासारखा उभा होता. पुढे चार महिने, १७ जानेवारी ते १८ मे १९४४ पर्यंत, या दारावर चार वेळा धडका देण्यात आल्या.

पहिली धडक जानेवारीतली. अमेरिकेच्या ३६ व्या डिव्हिजनने हिवाळ्याच्या पुरात रापिडो नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला. दोनच दिवसांत तिचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी अथवा बेपत्ता झाले. २२ जानेवारीस जर्मन फळीच्या पिछाडीला, अँझियोच्या किनाऱ्यावर, दोस्तांची एक फौज उतरली. परंतु तीही तेथेच अडकून पडली. आता अँझियोवरील दडपण कमी करण्यासाठी कॅसिनोवर पुन्हा चढाई करणे भाग झाले. हे काम न्यूझीलंडचे जनरल फ्रायबर्ग यांच्याकडे आले. त्यांच्या हाताखाली न्यूझीलंडची एक आणि भारताची चौथी, अशा दोन डिव्हिजन होत्या.

येथे मठाचा प्रश्न उभा राहिला. खालच्या चिखलात आणि थंडीत कुडकुडणाऱ्या सैनिकाला वर पाहिले की मठाच्या खिडक्यांच्या रांगा दिसत. तेथून कोणीतरी आपल्यावर डोळा ठेवून आहे, ही भावना त्याच्या मनातून जाईना. मठाच्या आत जर्मन निरीक्षक असावेत, असा तर्क बळावला. काहींनी विमानातून पाहणी केली. कोणाला काही दिसल्यासारखे वाटले, कोणाला काहीच दिसले नाही. प्रत्यक्षात केसेलरिंग यांनी आपल्या सैनिकांना मठात शिरण्यास मनाई केली होती. मात्र मठाच्या बाहेर, त्याच डोंगराच्या अंगावर, जर्मनांची ठाणी होती, हेही खरे.

आत होते ते वृद्ध मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे, त्यांचे मोजके मठवासी आणि खालच्या गावांतून आश्रयाला आलेली शेकडो माणसे. मठातील ग्रंथ आणि हस्तलिखिते १९४३ च्या शरद ऋतूतच हलविण्यात आली होती. जर्मन सैन्यातील श्लेगेल आणि बेकर या दोन अधिकाऱ्यांनी मठाधिपतींचे मन वळवून ते सारे धन ट्रकांतून हलविले आणि त्याचा मोठा भाग रोममध्ये सुरक्षित पोहोचला. शत्रूच्या गणवेशातही विवेक जागा असू शकतो, याची ही साक्ष आम्ही मुद्दाम नोंदवितो.

फ्रायबर्ग यांनी मठावर बॉम्बफेक करण्याची मागणी केली. अमेरिकन जनरल क्लार्क यांना ती पटली नव्हती. त्यांचे वरिष्ठ जनरल अलेक्झांडर यांनी मात्र अनुमती दिली. १४ फेब्रुवारीस मठावर इशाऱ्याची पत्रके टाकण्यात आली. मठाधिपतींनी जर्मनांशी बोलणी करून १६ तारखेच्या पहाटे सर्वांनी बाहेर पडावे असे ठरविले. विमाने १५ तारखेलाच आली. सकाळी साडेनऊच्या सुमारास पहिली तुकडी डोंगरावर पोहोचली आणि दिवसभरात सुमारे २३० विमानांनी शेकडो टन बॉम्ब त्या एका माथ्यावर ओतले. काही बॉम्ब भारतीय जवानांच्या ठाण्यांवरही पडले. मठात आश्रय घेतलेली सुमारे २३० माणसे मरण पावली. त्यांत एकही जर्मन सैनिक नव्हता. १७ तारखेच्या पहाटे मठाधिपती उरलेल्या माणसांना घेऊन, मोठा क्रूस पुढे धरून, त्या ढिगाऱ्यातून डोंगर उतरले.

यानंतर जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. बॉम्बफेक झाली तेव्हा चढाई करणाऱ्या पलटणी सज्ज नव्हत्या. आकाशातला हल्ला आणि जमिनीवरचा हल्ला यांचा मेळच बसला नव्हता. त्या रात्री एका इंग्रज पलटणीची केवळ एक कंपनी पुढे सरकली आणि मागे रेटली गेली. १७ तारखेच्या रात्री राजपुताना रायफल्स आणि गुरख्यांच्या पलटणींनी काटेरी झुडपे, सुरुंग आणि मशीनगनच्या माऱ्यातून चढण्याचा प्राणपणाने प्रयत्न केला. तोही विफल झाला. मठ उद्ध्वस्त होताच जर्मन छत्रीधारी सैनिक त्या ढिगाऱ्यात शिरले. उभ्या मठापेक्षा पडलेला मठ लपण्यासाठी अधिक सोयीचा ठरला. व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल मालिओने यांनी अमेरिकन प्रतिनिधीला ही बॉम्बफेक म्हणजे प्रचंड घोडचूक आहे, असे स्पष्ट सुनावले.

या कृत्याचे समर्थन करणारे एक वाक्य नेहमी पुढे करतात : दगड मोठे की माणसे? आम्हांलाही हा प्रश्न हलका वाटत नाही. कितीही पवित्र वास्तू असली तरी तिच्यासाठी एका आईचा मुलगा मरावा, असे ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. मनुष्य हेच देवाचे मंदिर, ही आपली शिकवण आहे. जनरल आयझेनहॉवर यांनीही २९ डिसेंबर १९४३ च्या आपल्या आदेशात हेच सांगितले होते की, प्रसिद्ध वास्तू आणि आपले सैनिक यांतून एकाचीच निवड करावयाची झाली तर सैनिकांचे प्राण अधिक मोलाचे. पण त्याच आदेशात त्यांनी एक इशाराही दिला होता. ‘लष्करी गरज’ हा शब्द कधीकधी केवळ लष्करी सोयीसाठी, किंबहुना व्यक्तिगत सोयीसाठी वापरला जातो, असे त्यांनी बजावले होते. कॅसिनोच्या माथ्यावर नेमके हेच झाले. दगड फुटले, पण त्यांच्या बदल्यात एकाही जवानाचा प्राण वाचला नाही. उलट दगडांच्या आत माणसेच होती आणि ती मेली. ‘दगड की माणसे’ हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता. खरा प्रश्न होता : आपल्याला जे ठाऊक नाही, त्याच्या आधारावर आपण कोणाला मारू शकतो काय?

मार्चच्या मध्यावर तिसरी धडक झाली. या वेळी गावावर बॉम्ब पडले आणि गावाचे नावनिशाण उरले नाही. गुरख्यांची एक तुकडी मठाखालील एका टेकाडापर्यंत पोहोचली आणि कित्येक दिवस तेथे तुटपुंज्या अन्नपाण्यावर तग धरून राहिली; शेवटी तिला माघारी बोलवावे लागले. चौथ्या भारतीय डिव्हिजनने या दोन लढायांत हजारो जवान गमावले.

यश आले ते मे महिन्यात, आणि तेही निराळ्या वाटेने. ११ मेच्या रात्री अकरा वाजता दीड हजारांहून अधिक तोफा एकदम धडाडल्या. आठव्या भारतीय डिव्हिजनने इंग्रज सैन्याबरोबर मठाखालची नदी ओलांडून लिरीच्या खोऱ्यात पाय रोवला. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटणही होती. पंजाब रेजिमेंटचा शिपाई कमल राम याने १२ मे रोजी तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. डाव्या बाजूला फ्रेंच जनरल झुअँ यांच्या मोरोक्को आणि अल्जीरियातील सैनिकांनी दुर्गम मानलेले डोंगर ओलांडून जर्मन फळी फोडली. खुद्द माथ्यावर चढण्याचे काम जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याकडे होते. त्यांचा पहिला हल्ला अपार हानी सोसून फसला. १७ मे रोजी त्यांनी दुसरा हल्ला केला. दोन्ही बाजूंनी वेढले जाण्याचा धोका दिसताच जर्मनांनी रातोरात माथा सोडला आणि १८ मेच्या सकाळी पोलिश घोडदळाच्या एका रेजिमेंटचे निशाण मठाच्या अवशेषांवर फडकले. डोंगराला वळसा घालावा, असा सल्ला झुअँ यांनी आणि चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर यांनी आधीच दिला होता. तो वेळीच ऐकला असता तर, हा विचार मनाला चटका लावून जातो.

विजयाची आणखी एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. फळी फुटल्यानंतरच्या दिवसांत फ्रेंच सेनापतींच्या हाताखालील मोरोक्कन सैनिकांनी एस्पेरिया आणि आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांवर घोर अत्याचार केले. ज्यांची मुक्तता करावयाची, त्यांच्याच लेकीबाळींना ही किंमत मोजावी लागली. ४ जून रोजी दोस्त सैन्य रोममध्ये शिरले. दोनच दिवसांनी नॉर्मंडीची बातमी आली आणि जगाचे लक्ष तिकडे वळले.

त्या पोलिश सैनिकांची कथा आपल्या विशेष जिव्हाळ्याची आहे. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंडचे लचके तोडले, तेव्हा लाखो पोलिश नागरिकांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी घरांतून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियाच्या छावण्यांत नेऊन टाकले. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यांतील पुरुषांची अँडर्स यांनी फौज उभारली. ती इराण, इराक आणि पॅलेस्टाइनमार्गे इटलीत आली. मागे राहिलेल्या बायकामुलांना आसरा हवा होता. त्यांतील सुमारे पाच हजार जण १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावातील छावणीत येऊन राहिले. तेथे त्यांच्या शाळा चालत, त्यांचे स्वतःचे चर्च होते. कॅसिनोच्या उतारावर लढणाऱ्या कित्येक सैनिकांच्या पत्नी, माता आणि बहिणी त्या वेळी पंचगंगेच्या काठी प्रार्थना करीत होत्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्व भाग स्टालिनला देऊन टाकला. ज्या घरांसाठी ही माणसे लढली, ती घरेच परक्या देशात गेली. पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने अँडर्स यांचे नागरिकत्वही काढून घेतले. १९७० मध्ये ते परदेशातच निवर्तले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे कॅसिनोच्या पोलिश दफनभूमीत, हजाराहून अधिक सहकाऱ्यांच्या सान्निध्यात, त्यांना मूठमाती देण्यात आली. वळिवड्याची छावणी १९४८ पर्यंत रिकामी झाली. आज वॉर्सा शहरात माँटे कॅसिनोच्या स्मारकाजवळच कोल्हापूरच्या उपकाराची आठवण देणारे स्मारकही उभे आहे.

आपल्या जवानांचे काय? त्यांचा देश पारतंत्र्यात होता. राष्ट्रीय नेते तुरुंगात होते. १९४३ मध्ये बंगालात लाखो लोक अन्नावाचून मेले होते. तरीही इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय जवानांनी देह ठेवला. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे त्यांपैकी एक. कॅसिनोची फळी फुटल्यावर सैन्य उत्तरेकडे निघाले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचे सर्व साथी पडले, तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेऊन ते निकामी केले आणि तेथेच शत्रूच्या गोळीने त्यांना मृत्यू आला. वयाची तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील माँतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.

मठ पुन्हा उभा राहिला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे अभ्यंग केले आणि संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ज्या विमानांनी मठ पाडला, त्यांतील एका विमानावर वॉल्टर मिलर नावाचा तरुण अमेरिकन सैनिक होता. युद्धानंतर त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि विनाशानंतर ज्ञान जपून ठेवणाऱ्या मठवासीयांवर एक विख्यात कादंबरी लिहिली. पश्चात्तापाचे असेही एक मंदिर असते.

डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रकुलाची दफनभूमी आहे. तेथे चार हजारांहून अधिक कबरी आहेत. जवळच काइरा गावी वीस हजारांहून अधिक जर्मन चिरनिद्रा घेत आहेत. मठ दगडांचा होता, म्हणून तो पुन्हा बांधता आला. ही माणसे मात्र पुन्हा उभी करता आली नाहीत. सर्व मृतांच्या दिवशी आपण आपल्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, तेव्हा पळसगावच्या त्या मुलासाठी, वळिवड्यात वाट पाहत बसलेल्या त्या मातांसाठी आणि मठाच्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या अनामिकांसाठी एक प्रार्थना अवश्य करावी.