मालवाहू गाडीच्या हौद्याला संरक्षक लेप

बीड जिल्ह्यात शेतमालाची ने-आण मोठ्या प्रमाणावर छोट्या मालवाहू गाड्यांवर अवलंबून आहे. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ती गावोगाव परिचित झाली. आष्टीकडचा कांदा व दूध, गेवराई-माजलगावकडचा कापूस, बालाघाटच्या डोंगररांगांतील सीताफळे असा माल अशा गाड्यांतूनच बाजारात पोहोचतो. अनेक तरुणांनी कर्ज काढून ही वाहने घेतली आहेत. इंजिनाची निगा राखली जाते. हौद्याकडे मात्र पत्र्याला भोक पडेपर्यंत लक्ष जात नाही.

गंज का चढतो?

बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा. कोरड्या हवेत गंज चढत नाही, असा समज त्यामुळे रूढ आहे. परंतु हौद्यातील ओल पावसापेक्षा मालातून अधिक येते. सांडलेले दूध, ओला भाजीपाला, टंचाईच्या काळात वाहिलेल्या पाण्याच्या टाक्या यांमुळे पत्रा ओलसर राहतो. रासायनिक खतांचा उपद्रव त्याहून मोठा. पोटॅश खतातील क्लोराइड आणि इतर खतांतील क्षार हवेतील बाष्प शोषून घेतात व लोखंड झपाट्याने खातात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने तो वरचा रंग उचलून धरतो आणि पापुद्रे सुटू लागतात.

लेपाचे प्रकार

रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर ऑइलपेंट हा सर्वांत स्वस्त उपाय. परंतु पेट्यांच्या घर्षणाने तो लवकर निघतो. पॉलियुरेथेनचा जाड, खरखरीत लेप ब्रशने वा रोलरने देता येतो. पॉलियुरियाचा फवारा यंत्रातून तापवून, उच्च दाबाने मारावा लागतो व काही सेकंदांतच घट्ट होतो. ७ फूट लांब, ५ फूट रुंद आणि १ फूट उंच फाळक्यांच्या हौद्याचे आतील क्षेत्रफळ ५९ चौरस फूट भरते. त्यावर २ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यास वजन जेमतेम ११-१२ किलोने वाढते. नुसती रबरी मॅट टाकल्यास आघात सोसला जातो. पण खाली पाणी साचून गंज दडून वाढतो. मॅट वेळोवेळी उचलून पत्रा वाळवणे त्यामुळे आवश्यक ठरते.

काम कसे करावे?

लेपाचे आयुष्य पूर्वतयारीवर ठरते. प्रथम साबणाच्या पाण्याने खत, तेल व माती धुऊन पत्रा पूर्ण वाळवावा. त्यानंतर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने सुटा गंज काढावा. भोके वेल्डिंगने पत्रा जोडून बुजवावीत. लेप हा पत्र्याला पर्याय नव्हे. थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर द्यावा. साध्या रेड ऑक्साइडवर दोन घटकांचा पॉलियुरेथेन लेप दिल्यास त्यातील तीव्र द्रावकांमुळे खालचा थर सुरकुतण्याची शक्यता असते. सांधे, कडा व बोल्टभोवती आधी ब्रश फिरवावा. पाणी निघून जाण्याची छिद्रे मात्र बुजवू नयेत. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. डब्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत माल भरू नये.

मृग नक्षत्रापूर्वी, खतांची वाहतूक सुरू होण्याआधी हे काम उरकणे सोयीचे. मात्र उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर द्रावक वेगाने उडून लेपाला फोड येतात. त्यामुळे काम सकाळी, सावलीत करावे.

आरोग्याची काळजी

या लेपांतील आयसोसायनेटमुळे कारागिराला कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. ब्रशच्या कामालाही मोकळी हवा, हातमोजे व रासायनिक वाफ रोखणारा मास्क हवा. फवाऱ्यासाठी तर बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मास्कच लागतो. लेप दिलेला हौदा धुण्यास सोपा होतो. तरीही कीटकनाशके आणि उघडा भाजीपाला एकत्र वाहू नये. लेपावर ओरखडा उठून पत्रा दिसू लागताच तेवढाच भाग घासून पुन्हा लेपावा. वेळीच केलेली ही डागडुजी हौदा बदलण्याचा खर्च लांबणीवर टाकते.