गोधडीतील हाली रुपया

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरील पत्र्याच्या पेटीतून कै. आजीची एक जीर्ण गोधडी निघाली. वरचे कापड पार विरले होते. उसवून आतील लुगडे तरी राखावे, असा विचार केला. (कापडाच्या व्यापाऱ्याला चिंधीही टाकवत नाही.) एका कोपऱ्यातील टाके फार दाट होते. ते कापताच ठिगळातून एक काळवंडलेला रुपया मांडीवर पडला.

चिंचेने घासल्यावर चारमिनार दिसू लागला. निजामाच्या हैदराबाद संस्थानचा तो ‘हाली सिक्का’! परिचयातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी अक्षरे वाचून दाखविली. कमानीतील ‘ऐन’ हे सातवे निजाम उस्मान अली खान यांचे आद्याक्षर. 92 हा अंक म्हणजे ‘मुहम्मद’ या नावाचे अक्षरमूल्य. मागे टांकसाळीचे नाव ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’. मोगल नाण्यांवर आपल्या शहराचे नावही ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येत असे. सन हिजरी 1337, म्हणजे इ.स. 1918-19. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे संस्थानाने कागदी नोटांचा कायदा केला, तोही 1918 मध्येच.

ज्येष्ठ वाचकांस स्मरत असेल की, इंग्रजी रुपयास आपल्याकडे ‘कलदार’ म्हणत आणि 7 हाली म्हणजे 6 कलदार असा हिशेब असे. हाली रुपयाची किंमत त्यामुळे पावणेचौदा आण्यांच्या आसपास. मुंबईचा माल कलदारात घ्यावयाचा, गिऱ्हाईक हालीत देणार. वही लिहिणाऱ्याची परीक्षाच. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर काही वर्षे दोन्ही चलने चालली आणि 1959 मध्ये हाली कायमचे बाद झाले.

आजीने जवळचे हाली रुपये मुदतीत बदलून घेतले नाहीत, ते बुडाले, असे वडील नेहमी सांगत. बी.कॉम. झाल्यावर मीही या अडाणीपणास हसलो होतो. आता तो रुपया सराफ्यात तोलून घेतला. वजन 11 ग्रॅमहून किंचित अधिक. त्यात शेकडा 82 च्या जवळपास चांदी असते, म्हणजे शुद्ध चांदी नऊ ग्रॅमवर. उलट 1947 पासूनचा आपला रुपया निकेलचा! बदलून घेतला असता तर चांदी देऊन निकेल किंवा कागद हाती आला असता.

मग उरलेले तीन कोपरे पाहिले. तेथेही तशीच ठिगळे होती, परंतु रिकामी. ती एकदा उसवून निराळ्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली होती. 1972 च्या दुष्काळात दुकानात आठवडेच्या आठवडे बोहनी होत नसे. तरीही माझी शाळेची फी वेळेवर भरली गेली होती. ती कोठून आली, हे वडिलांनाही कधी उमगले नाही. आजी म्हणे, “होते थोडे.”

गोधडी नव्या खोळीत घालून ठेवली आहे. रुपया धाकट्या बहिणीने त्याच कोपऱ्यात पुन्हा शिवला.