राज्य झाले, पण कुणाचे? ओक्लाहोमाचा धडा

स्वतःचे राज्य मिळाले की लोकांचे प्रश्न सुटतात, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. पण 'लोक' म्हणजे कोण? अमेरिकेतील ओक्लाहोमाचा इतिहास वाचताना आम्हाला हाच प्रश्न पडला.

१८३० च्या कायद्यानंतर चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकासॉ आणि सेमिनोल या आदिवासी राष्ट्रांना त्यांच्या भूमीतून हुसकावून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला धाडले गेले. ही नवी जमीन कायम तुमची, असे वचन होते. ते टिकले नाही. २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बाराला इशारा झाला आणि सुमारे २० लाख एकर जमिनीवर हक्क सांगायला हजारो लोक घोडे, गाड्या घेऊन धावले. १८९० मध्ये पश्चिम भाग 'ओक्लाहोमा टेरिटरी' झाला. टेरिटरी म्हणजे राज्याचा दर्जा नसलेला, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गव्हर्नरचा प्रदेश.

दक्षिणेतल्या छळाला कंटाळलेले काळे लोकही इथे आले. लँग्स्टन, बोली अशी स्वतःची गावे त्यांनी वसवली. १९०५ मध्ये आदिवासी राष्ट्रांनी मस्कोगी येथे परिषद भरवून 'सिक्वोया' या स्वतंत्र राज्याची घटना तयार केली. मतदारांनी ती मंजूर केली, पण काँग्रेसने दुर्लक्ष केले. उलट दोन्ही प्रदेशांचे मिळून एकच राज्य करायचे ठरले. त्यात बहुमत गोऱ्यांचे होते.

१६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा ४६ वे राज्य बनले. घटनेत रेल्वेतील भेदभाव लिहिला तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मान्यता देणार नाहीत, म्हणून तो तेव्हा गाळला होता. राज्य हाती येताच विधिमंडळाने पहिलाच कायदा काळ्यांसाठी वेगळे डबे आणि वेगळ्या प्रतीक्षालयांचा केला!

१९१० मध्ये मतदानासाठी साक्षरतेची अट आली. १८६६ च्या आरंभी किंवा त्याआधी मताधिकार असलेल्यांच्या वंशजांना मात्र सूट होती. तेव्हा बहुतेक काळ्यांना मताधिकारच नव्हता. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, तरी वार बरोबर बसला. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली. त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पण राज्याने लगेच नवी युक्ती काढली: आधी मत न दिलेल्यांना नोंदणीसाठी जेमतेम १२ दिवस. तो कायदा पडायला १९३९ साल उजाडले.

१९५५ मध्ये भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना बाबासाहेबांनी हाच धोका दाखवला होता: राज्यात एका बलाढ्य जातीचे बहुमत असेल, तर अल्पसंख्याकांचे काय? म्हणून वेगळ्या राज्याची घोषणा कानी आली की आपण आधी विचारले पाहिजे, जमीन कुणाच्या नावावर राहणार, विधिमंडळात कोण बसणार आणि आपल्या हक्कांची हमी कुठे लिहिलेली आहे? ओक्लाहोमात राज्य हाती येण्याआधी गाळलेला भेदभाव राज्य येताच पहिला कायदा झाला, हे विसरू नका.

जय भीम!