झाडांसाठी बुरशीचे विरजण

झाडाच्या मुळांशी उपयुक्त बुरशीची सोबत जुळवून त्याची वाढ साधणे, हे तंत्र एका फसलेल्या सरकारी कामातून निघाले. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी लागवडीखाली आणता येईल का, हे शोधण्याचे काम प्रशियाच्या सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्यावर सोपवले होते. ट्रफलची शेती जमली नाही. पण बीच, ओक, हेझल या झाडांची बारीक मुळे बुरशीच्या वेष्टनात गुरफटलेली असतात आणि तरीही झाडे निरोगी असतात, हे फ्रांक यांना दिसले. १८८५ मध्ये त्यांनी या जोडणीला ‘मायकोरायझा’ म्हटले आणि बुरशी झाडाला पोसते, असे ठामपणे मांडले.

पाइनच्या मुळांतील पेशींभोवतीची जाळी थिओडोर हार्टिग यांनी १८४० मध्येच रेखाटली होती, पण ती बुरशी आहे हे त्यांना उमगले नव्हते. मुळावरची बुरशी म्हणजे रोग, अशीच तेव्हाची समजूत होती. फ्रांक यांनी विरोधकांना प्रयोगाने उत्तर दिले. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निर्जंतुक केलेल्या मातीतली पाइनची रोपे खुरटली, तर जंगलाच्या जिवंत मातीतली जोमाने वाढली.

हे नाते किती गरजेचे आहे, ते परमुलखात लावलेल्या पाइनने दाखवले. बियांबरोबर बुरशी गेली नव्हती. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रोपवाटिकांत रोपे वाढेनात; चांगल्या रोपवाटिकेतली माती मिसळल्यावर ती सावरली, असे तिथले वनाधिकारी केसेल यांनी १९२७ मध्ये नोंदवले. प्वेर्तो रिको बेटावर पाइनच्या लागवडी वारंवार फसल्या होत्या. १९५५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनखालची माती आणून रोपांना दिली, तेव्हा ती वाढीला लागली. दुधात विरजण घालावे तशी ही मूठभर माती काम करी. मात्र तिच्याबरोबर रोगजंतूही येत.

म्हणून नेमकी बुरशी वेगळी काढून वाढवणे आवश्यक झाले. स्वीडनचे एलियास मेलिन यांनी १९२० च्या दशकात शुद्ध बुरशी आणि निर्जंतुक रोपे यांची जोडी प्रयोगशाळेत जुळवली. पुढे, १९५० मध्ये, किरणोत्सारी फॉस्फरस वापरून बुरशीचे तंतू हे द्रव्य रोपापर्यंत पोचवतात, हे त्यांनी सहकारी निल्सन यांच्यासह सिद्ध केले. ऑस्ट्रियात माइनहार्ड मोझर यांनी उंच आल्प्समध्ये पुन्हा वन उभे करण्यासाठी अशी संवर्धके, म्हणजे वाढवलेल्या बुरशीची विरजणे, वापरली. अमेरिकेत डोनाल्ड मार्क्स यांनी १९७० च्या दशकात पिसोलिथस ही बुरशी निवडली. कोळसा खाणींच्या आम्लधर्मी, तापलेल्या ढिगाऱ्यांवरही ती तग धरते. ही निवड विचारपूर्वक केलेली होती: बुरशी झाडाला मानवायला हवी, तशी जागेलाही.

साग, आंबा, चिंच यांच्या मुळांवर मात्र पाइन-ओकसारखे बुरशीचे वेष्टन नसते. तिथली बुरशी पेशींच्या आत शिरून बारीक फांद्यांसारखी पसरते. ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. त्यामुळे संवर्धक तयार करायला कुंडीतले रोप किंवा प्रयोगशाळेत वाढवलेले मूळ लागते. इंग्लंडमधल्या बार्बरा मॉस यांनी १९५३ मध्ये स्ट्रॉबेरीच्या मुळांवर केलेल्या कामानंतर या गटाच्या अभ्यासाला वेग आला.

महाराष्ट्रात याचा ठळक उपयोग झाला तो नागपूर जिल्ह्यात. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्यांचा प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी जुळणारी बुरशी एकत्र वापरून वृक्ष उभे केले. तिथे पोषक माती नव्हती आणि बुरशीही नव्हती, म्हणून नुसती रोपे लावणे पुरेसे ठरले नसते.

याउलट, जिथे मूळची बुरशी शाबूत आहे, तिथे विकतच्या संवर्धकाने फारसा फरक पडत नाही. भरपूर स्फुरद (फॉस्फरस) दिलेल्या जमिनीत झाड बुरशीची सोबत कमी करते. संवर्धक द्यायचेच तर ते लावणीच्या वेळी, थेट मुळांना लागेल असे द्यावे. वर शिंपडलेले बहुतेक वाया जाते.